परसातले नवे भाडेकरू

अंबरपेठेतल्या आमच्या वडिलोपार्जित घराच्या परसात, कढीलिंबाच्या सावलीत, कोंबड्या नांदतील असे पूर्वी कोणी म्हटले असते तर आम्ही ते हसण्यावारी नेले असते. राजेंद्रनगरला १९८८ मध्ये स्थापन झालेल्या कुक्कुट संशोधन संस्थेने खास परसासाठी सिद्ध केलेल्या ‘वनराजा’ वाणाची एक दिवसाची १० पिले मी आणली. पहिल्या आठवड्यात त्यांना सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, पुढे ती हळूहळू उतरवायची, हे मी वाचले होते. म्हणून खोक्यावर दिवा टांगला आणि निर्धास्त झालो.

तिसऱ्या रात्री वीज गेली. मी झोपेत होतो. पहाटे पाहतो तो पिले ऊब शोधीत एका कोपऱ्यात एकमेकांवर चढलेली. तळाची ४ गुदमरून मेली होती.

जन्मात अंड्याला हात न लावलेली आई काहीच बोलली नाही. मात्र त्या रात्री गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यापाशी तीच जागत बसली. सातव्या दिवशी राणीखेतच्या लशीचा थेंब डोळ्यात घालताना पिलूही तिनेच धरले. (कुमाऊँमधल्या त्या रम्य गावाचे नाव या रोगाला चिकटावे, हा गावावर अन्यायच!)

उरलेल्या सहांत दोन कोंबडे निघाले. भल्या पहाटे ते आरवतात. आई त्यांना रागे भरते आणि मूठभर कण्या टाकते.