सावली उनी

"नाना, सावली उनी!"

पोरगी वरून ओरडली आणि मी खाली लिंबाच्या बुंध्याशी खाटेवर बसून घड्याळात पाहिलं. साडेदहा. म्हणजे ट्रेलरच्या टपावरच्या डाव्या पॅनलवर फांदीची सावली साडेदहालाच येते. काही वर्षांपूर्वी ही पॅनल बसवण्याचं काम मीच केलं होतं आणि तेव्हा वर मीच चढलो होतो. गुडघ्यांनी आता शिडीची परवानगी काढून घेतली आहे. माझ्या बहिणीची ही नात आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करते. ती वर चढते, मी खाली बसून तिला विचारत राहतो. खाली बसल्यामुळेच मला आयुष्यात पहिल्यांदा सावली नीट दिसली. वर चढणाऱ्याला फक्त ऊन दिसतं.

धुळ्यात बॅटरीच्या कामात माझी चाळीस वर्षं गेली. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, तमाशाच्या गाड्यांच्या बॅटऱ्या केल्या, मग इन्व्हर्टर आले, मग सोलर. हा ट्रेलर एसटीतून निवृत्त झालेल्या एका चालकाचा. त्यांना मी आप्पा म्हणतो. उभा जन्म दुसऱ्यांना गावोगाव पोचवण्यात गेला, आता बायकोला घेऊन स्वतःसाठी हिंडायचं, एवढीच त्यांची इच्छा. जुन्या ट्रॉलीच्या सांगाड्यावर त्यांनी पत्र्याची खोली उभी केली: दोन बाकडी, पंखा, दिवे आणि एक छोटा बारा व्होल्टचा फ्रिज. फ्रिज त्यांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या, इन्सुलिनसाठी.

मी टपावर शंभर वॅटची दोन पॅनल बसवली, पत्र्याला अगदी चिकटून. खालून बघणाऱ्याला एक वायर दिसणार नाही असं काम. आप्पांनी विचारलंही होतं, "नाना, सुटं पॅनल नको का एखादं, इकडंतिकडं ठेवायला?" मी म्हणालो, सुटं पॅनल म्हणजे उघड्यावर वाळत घातलेलं धुणं, ते माझ्या दुकानातून जाणार नाही. हे मी गर्वानं म्हणालो होतो. ते वाक्य आजही माझ्या कानात आहे.

त्या एप्रिलमध्ये ते पाटणादेवीला गेले. चाळीसगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याशी. ऊन असं की पत्र्याला हात लागेना. माणूस अशा वेळी करतो तेच त्यांनी केलं: दाट झाड बघितलं आणि ट्रेलर त्याखाली लावला. एप्रिलमधलं दुपारचं ऊन जवळजवळ डोक्यावरून येतं, म्हणजे झाडाची सावली बरोब्बर झाडाखाली आणि माझी पॅनल दिवसभर त्या सावलीत. कंट्रोलरचा हिरवा दिवा चालू होता, म्हणून त्यांना वाटलं चार्जिंग होतंय. होत होतं, अर्धा-पाऊण अँपिअर. तिसऱ्या रात्री बॅटरीनं मान टाकली. सकाळी फ्रिज उघडला तर आत बाहेरच्याइतकंच गरम. आप्पांनी उजाडता चाळीसगाव गाठलं आणि औषधाच्या दुकानातून नवीन इन्सुलिन आणलं.

परत आल्यावर मी काय बोललो? "आप्पा, गाडी उन्हात लावायला हवी होती." आप्पा गप्प राहिले. मावशी म्हणाल्या, "आणि भाऊ, आम्ही बसायचं कुठं?"

त्याच पाटणादेवीला एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचं प्रकरणच आहे, शंकूची सावली मोजण्याचं. आठशे वर्षांपूर्वी जिथं सावलीचं गणित शिकवायची सोय झाली, तिथंच माझं सावलीचं गणित चुकलं. हे मला फार लागलं.

मग माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली. माणूस सावलीत, पॅनल उन्हात, आणि मधे वायर. या मधल्या वायरनं माझी झोप घेतली.

खान्देशातल्या मे महिन्यात हवा पंचेचाळीस अंशांवर जाते आणि पॅनलचा सेल सत्तरीला टेकतो. पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला क्रिस्टलाइन पॅनल साधारण ०.४ टक्के घालवतं. अठरा व्होल्टचं पॅनल सत्तरीला १४.८ वर येतं. आता ते वीस मीटरवर उन्हात ठेवा. वायर जायची-यायची चाळीस मीटर. अडीच एमएमच्या तांब्याला किलोमीटरला साडेसात ओहमच्या आसपास रोध, म्हणजे ०.३ ओहम. दोन पॅनल पॅरलल, दहा अँपिअर: तीन व्होल्ट वाटेतच गेले. उरले ११.८ आणि बॅटरी बसलीय १३.३ वर. दहा अँपिअर यायचेच नाहीत, करंट घसरत जातो. ऊन सगळ्यात जास्त असताना चार्जिंग सगळ्यात लंगडं. गिऱ्हाईक म्हणतं पॅनल खोटं आहे. पॅनल खरं असतं, ताप आणि लांबी दोघं मिळून त्याला मारतात.

तीच दोन पॅनल सिरीजमध्ये घेतली की तीस व्होल्ट, पाच अँपिअर, वाटेत दीड व्होल्टच जातात, एमपीपीटी कंट्रोलर आनंदानं घेतो. पण सिरीजमध्ये एका पॅनलवर फांदी आली की दुसऱ्याचाही करंट अडतो. बायपास डायोड वाट काढून देतो, पण सावलीतल्या सेलच्या बरोबरीनं त्याच ओळीतल्या उन्हातल्या सेलचंही उत्पन्न सोडून. सहा एमएमची वायर घेतली की पॅरललमध्येही १.३ व्होल्टवर भागतं, पण किंमत वाढते आणि मावशींना ते वेटोळं उचलवत नाही. मी हे सगळं अंगणात मांडून मोजलं, चार मे महिने. अजूनही एक उत्तर सगळीकडे बसत नाही.

खरं तर उत्तर माझ्या दुकानात आधीच येऊन गेलं होतं. साक्रीकडचा एक ठेलारी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन निघण्याआधी आला होता. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावरच एक लहान पॅनल बांधलेलं. त्याला लांब वायर हवी होती. त्यांच्या वाड्यातल्या बायका पॅनल उन्हाबरोबर सरकवत नेतात, बिबड्या वाळत घालतात तशा. मी त्याला पातळ वायर दिली आणि मनात म्हटलं, अडाणी माणूस. ज्या सुट्या पॅनलला मी धुणं म्हणालो, त्यावर त्याच्या बायकोनं माझ्याआधी विचार केला होता. त्याला मी जाड वायर द्यायला हवी होती. तो पुन्हा आला नाही.

आता बाजार फार बदललाय. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महाजनकोचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा आम्ही गाड्या करून बघायला गेलो होतो. २०२१ मध्ये सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना आली आणि जो तो सोलरवाला झाला. त्यात चांगली पोरं आहेत. पण स्कूटरमधून काढलेले जुने सेल डब्यात भरून वर '१०० एएच लिथियम' लिहिणारे आहेत, त्यांचा मला राग येतो. असा डबा तापलेल्या पत्र्याखाली ठेवून त्याच्या शेजारी कुणी झोपणार असतं. चांगल्या लिथियम फॉस्फेट सेलच्या कागदावरही चार्जिंगची मर्यादा पंचेचाळीस ते पंचावन्न अंशांची असते. मी बॅटरी बाकड्याखाली, जमिनीकडून वारा लागेल अशी ठेवतो, आणि तरी मेमध्ये हात लावून बघतो.

हाताचं म्हणाल तर तोही आता कामाचा नाही. जुन्या बॅटरीत हायड्रोमीटर बुडवला की १.२५० का १.१८० ते डोळ्याला कळायचं, वासानं कळायचं जास्त चार्ज झालीय. लिथियम तीस टक्क्यांवरही १३.२ च्या आसपास दाखवते आणि ऐंशीवरही. पोरगी शंट लावून मोबाईलवर बघते. मी तिला विचारतो, किती उरलं? ती सांगते आणि मी मान डोलावतो. हे मला जड जातं.

शेवटी आप्पांच्या टपावरचं एक पॅनल आम्ही काढलं. त्याला बिजागरीचे पाय लावले, सहा एमएमची पंधरा मीटर वायर दिली, वेटोळ्याला सायकलचं जुनं रिम. आता ते मावशींना उचलवतं. टपावरचं दुसरं पॅनल वेगळ्या कंट्रोलरवर ठेवलं, म्हणजे त्याच्यावर सावली आली तरी सुट्याला ओढणार नाही. पोरीनं लग दाबले, मी ओढून पाहिले. एक सैल निघाला. तिनं न बोलता कापून नवा लावला.

मेअखेर ते तोरणमाळला गेले. दुपारी साडेबाराच्या सुमारास मावशींचा फोन आला. त्यांना मी शिकवलं होतं की पॅनलच्या मागं काठी रोवायची, सावली पडेल त्याच्या उलट बाजूला तोंड करायचं.

"भाऊ, काठीला सावलीच नाही. कुणीकडे करू?"

मी दारात आलो. अंगणातला खांब बघितला. सावली होती, बोटभर, खांबाच्या दक्षिणेला. सूर्य धुळ्याच्या डोक्यावरून पुढं उत्तरेला सरकलेला आणि आज तोरणमाळच्या बरोब्बर माथ्यावर.

"मावशी," मी म्हणालो, "पाय मिटा. आडवं ठेवा जमिनीवर."

"आडवं?"

"हो, आज आडवंच."

फोनमधून बिजागरी मिटल्याचा आवाज आला.