तुरीच्या बिया

आमच्या घाटकोपर शाखेत डब्याबरोबर तोंडी लावायला रोज एक वाद असतो. परवा वाद एका शब्दावरून झाला. टायटनने २०२५ साली चाळीस लाखांवर किमतीचं एक घड्याळ काढलं होतं, अवघे १० नग. त्याची माहिती कुणीतरी मोबाइलवर उघडली. घड्याळाच्या पोटातल्या यंत्राचं नाव हेडकॅशियरनी ‘टूरबिलियन’ असं वाचलं आणि ही ट्रिलियनच्या पुढची संख्या असावी, असा निकाल दिला. मी बी.कॉम. असल्यामुळे ‘टरबिलॉन’वर ठाम राहिलो. शेवटी अकाउंटंटबाईंच्या फ्रेंच शिकणाऱ्या मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “तूरबियाँ. दोन एल लिहायचे, पण म्हणायचा य. एन नाकात. अर्थ वावटळ.”

हेडकॅशियरना ‘तुरीच्या बिया’ ऐकू आलं. त्यांनी डब्यातल्या आमटीकडे आदराने पाहिलं.

मुलुंडपर्यंतच्या गाडीत मी पुढचं वाचलं. घड्याळ आडवं ठेवलं की एक चाल, उभं ठेवलं की दुसरी, कारण आतल्या बॅलन्सला पृथ्वी ओढते. (बॅलन्स म्हटल्यावर आमचे कान उभे राहणारच.) पूर्वी घड्याळ दिवसभर खिशात उभं असायचं, चूक एकाच बाजूला साठायची. म्हणून पॅरिसच्या ब्रेगेने बॅलन्सला पिंजऱ्यात घालून पिंजराच फिरता केला आणि १८०१ साली पेटंट घेतलं. फिरता फिरता जमेची चूक नावेच्या चुकीने कापली जाते. म्हणजे आमची काँट्रा एन्ट्रीच की!

माझ्या खिशात त्या दिवशी बाबांचं घड्याळ होतं. बाबांच्या हातावर ते कधी चुकलं नाही. ते गेल्यापासून रोज चार मिनिटं पुढे. स्टेशनजवळच्या घड्याळवाल्या काकांनी डोळ्याला भिंग लावून बराच वेळ पाहिलं.

“साहेब, मशीन ठीक आहे. वडील रात्री कसं ठेवायचे?”

तपकिरीच्या डबीला टेकवून, उभं. मी त्याला म्हातारपणाचा चाळा समजत होतो, आणि स्वतः मात्र मोठ्या मानाने मखमलीवर आडवं निजवत होतो.

“मग तसंच ठेवा,” काका म्हणाले आणि पैसे घेईनात.

घरी डबी सापडेना. मी कपाट उपसत होतो. आईने न बोलता शिवणाच्या पेटीतून ती काढली, आतली बटणं वाटीत ओतली. मी घड्याळ टेकवलं.

“असं नाही,” आई म्हणाली. “चावी वर.”