सायकल कोणती घ्यावी?

सत्तरी ओलांडल्यावर अलिबाग ते मालवण सायकलने जायचं म्हणतोय, हे ऐकून सौ.चा पहिला प्रश्न, "गुडघ्यांना विचारलंत का?" म्हणून गिअर हवेतच. सागरी मार्गावर खाडी ओलांडली की बहुधा चढ समोर उभाच! पण हलकी, महागडी सायकल पेन्शनला झेपणारी नाही. मी स्टीलच्या फ्रेमची, २६ इंची चाकांची, मागे कॅरिअर बसेल अशी निवडली. वजन जास्त, दाभोळच्या फेरीबोटीवर ढकलताना दम लागेल. पण फ्रेम तडकली तर गावातला वेल्डर जोडून देईल, ट्यूब तालुक्याच्या बाजारात मिळेल. या वयात वेगापेक्षा हा भरवसा मोलाचा. गुडघ्यांना मात्र असा वेल्डर नाही, मंडळी. म्हणून यंदाच निघायचं!