बंबाची साक्ष

घरांतील जुन्या वस्तु मुक्या असतात, असा सर्वसाधारण समज आहे. आमचा अनुभव मात्र निराळा आहे. आमच्या गच्चीवरील खोलींत एक तांब्याचा बंब आहे. त्याच्या तोटीखालीं बोटभर लांबीचा एक करडा डाग दिसतो. येणारे-जाणारे त्यास बंबाचें व्यंग समजतात. आम्हांस तो आपल्याच अंगावरील वण वाटतो. त्या वणाची हकीकत आज आम्ही आमच्या बालमित्रांस व त्यांच्या पालकांस निवेदन करणार आहों.

हल्लींच्या मुलांपैकीं कित्येकांनीं बंब पाहिलाहि नसेल. म्हणून आधीं त्याची रचना सांगतों. बाहेरून तो पोट सुटलेल्या उभ्या पिंपासारखा दिसतो. त्याच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक नळकांडें गेलेलें असतें. जाळ त्या नळकांड्यांत, आणि पाणी त्याच्या सभोंवार. तळाशीं लोखंडी जाळी, व तिच्याखालीं राख पडावयास जागा. वरून गोवरीचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या, नारळाच्या करवंट्या टाकीत जावयाचें. जाळास चोहोंकडून पाण्याचा वेढा असल्यामुळें त्याची उष्णता फारशी वायां जात नाहीं. घरोघरीं विजेचीं यंत्रें येण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील असंख्य कुटुंबांचीं स्नानें याच साधनावर होत असत.

गोष्ट १९७६ सालच्या डिसेंबर महिन्यांतील. आम्ही तेव्हां पुण्यास सातव्या इयत्तेंत होतों. आमच्या घरीं बंब पेटविण्याचें काम आईचें असे. ती पहांटे उठून प्रथम झांकण काढून आंत हात घाली, पाणी हातास लागल्याची खात्री करी, आणि मगच कांडी ओढी. “आधीं पाणी, मग जाळ,” हें तिचें वाक्य आम्हीं इतक्या वेळां ऐकलें होतें कीं त्याचा अर्थ आमच्या ध्यानांत येईनासा झाला होता.

त्या आठवड्यांत आईस ताप आला. बंब आम्ही पेटवूं, असें आम्हीं मोठ्या ऐटीनें सांगितलें. ऐट वाटावयास कारणहि होतें. थोड्याच दिवसांपूर्वीं शाळेंत शास्त्राच्या गुरुजींनीं कागदाच्या द्रोणांत पाणी घालून तो दिव्याच्या ज्योतीवर धरला होता. पाणी उकळलें, पण कागद पेटला नाहीं. “असें कां?” या त्यांच्या प्रश्नास सबंध वर्गांत आम्हींच उत्तर दिलें होतें: ज्योतीची उष्णता पाणी घेऊन टाकतें, पाणी शंभर अंशांवर उकळूं लागलें म्हणजे त्याची उष्णता त्यापुढें चढत नाहीं, आणि तेवढ्या उष्णतेंत कागद पेट घेत नाहीं. गुरुजींनीं आमची पाठ थोपटली होती.

शाळेंत मिळविलेलें हें ज्ञान घरीं येतांना आम्हीं बहुधा वर्गांतच ठेवून आलों होतों. कारण दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्हीं बंबांत हात न घालतांच जाळ पेटविला. आदल्या रात्रीं आजोबांनीं उरलेंसुरलें सर्व पाणी काढून घेतलें होतें, याची आम्हांस वार्ताहि नव्हती. थोड्या वेळानें बंबांतून टिकटिक असा आवाज येऊं लागला. मग एक चमत्कारिक दर्प सुटला. वांकून पाहतों तों राखेंत चांदीसारखे चकाकणारे थेंब पडत होते! आम्हीं घाबरून कळशीभर पाणी आंत ओतलें. वाफेचा लोट उसळला, तोटीजवळून धार लागली, आणि न्हाणीघरभर राखेचा चिखल झाला. तापलेल्या रिकाम्या भांड्यांत गार पाणी ओतणें किती धोक्याचें असतें, हें आम्हांस त्या क्षणीं ठाऊक नव्हतें. हात भाजला नाहीं, हें केवळ नशीब.

वडील धांवत आले. “काय झालें?”

“डाख सुटला,” आम्ही म्हणालों.

वाचकहो, हें वाक्य खोटें नव्हतें. डाख खरोखरच सुटला होता. परंतु तो कां सुटला, हें आम्हीं सांगितलें नाहीं. अर्धें सत्य सांगून आम्ही गप्प राहिलों. आणि अर्ध्या सत्याचा उरलेला अर्धा भाग दुसऱ्या कोणाच्या तरी माथ्यावर जाऊन बसतो, हें आम्हांस लवकरच दिसून आलें.

कारण महिन्यापूर्वींच त्या तोटीस व तळाच्या सांध्यास कसबा पेठेंतील तांबट आळींत डाख लावून आणला होता. वडिलांनीं बंब सायकलच्या मागें बांधला, आम्हांस तो धरावयास सांगितलें, आणि तडक आळी गांठली. तेथें दोन्ही बाजूंस हातोड्यांचे ठोके चाललेले. पत्र्याच्या थाळ्यांस हळूहळू घागरीचा आकार येत असलेला. आमचा बंब ज्यांनीं दुरुस्त केला होता त्या वृद्ध कारागिरास सारी आळी ‘आबा’ म्हणे. वडील चार माणसांदेखत म्हणाले, “आबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. महिनाभरहि टिकला नाहीं तुमचा डाख!”

आजूबाजूचे ठोके थांबले. आबांनीं कांहीं उत्तर केलें नाहीं. त्यांनीं बंब आडवा केला, तळाशीं ओघळून गोठलेले थेंब नखानें खरवडले, मग आंत हात घालून नळकांड्याची पाण्याकडील बाजू चाचपली. हात बाहेर आला तेव्हां अंगठ्यास काळी भुकटी लागलेली होती. त्यांनीं एकवार तिच्याकडे पाहिलें, एकवार आमच्या तोंडाकडे पाहिलें, आणि म्हणाले, “परवां घेऊन जा. पैसे नकोत.”

त्या भुकटीचा अर्थ आम्हांस पुढें उलगडला. भांड्यांत पाणी असेतों तांबें शंभर अंशांच्या फारसें वर जाऊं शकत नाहीं. पाणी नसेल तर मात्र जाळ त्यास कितीहि तापवितो. तांबें स्वतः वितळावयास १०८५ अंश लागतात. परंतु कथील व शिसें यांचा डाख १८३ अंशांवरच पाझरूं लागतो. शिवाय कोरडें तांबें तापलें म्हणजे हवेंतील प्राणवायूच्या योगानें काळें पडतें. डाख कच्चा असता तर नुसती गळती लागली असती. पाण्याकडील बाजू काळी पडली नसती. बंबानें आपली साक्ष आबांच्या हातावर उमटविली होती!

दोन दिवस आम्हांस अन्न गोड लागलें नाहीं. तिसऱ्या दिवशीं शाळा सुटतांच आम्ही एकटेच आळींत गेलों. आबा नवसागराच्या पांढऱ्या धुरांत बसून आमच्याच बंबाचा सांधा जोडीत होते. आम्हीं खालीं मान घालून सर्व सांगितलें.

हातांतलें काम न थांबवितां ते म्हणाले, “बाळ, मला सांगून काय उपयोग? मला भांड्यानें परवांच सांगितलें. ज्यांस भांड्याची भाषा कळत नाहीं, त्यांस सांग.”

त्या संध्याकाळीं आम्हीं वडिलांस सांगितलें. मार बसेल, अशी आमची खात्री होती. वडिलांनीं पायांत वहाणा घातल्या, आमचा हात धरला, आणि ते पुन्हां आळींत आले. तेंच ओटे, तींच माणसें. तेथें उभे राहून ते सर्वांस ऐकूं जाईल अशा आवाजांत म्हणाले, “आबा, तुमचें काम चोख होतें. चूक आमच्या घरची.” मजुरीचे पैसे आबांनीं दोनदां परत सारले, तिसऱ्यांदा घेतले. जेथें एखाद्याचें नांव आपण खालीं आणलें, तेथेंच जाऊन तें पुन्हां वर ठेवावयाचें असतें, हा धडा आम्हांस कोणत्याहि पुस्तकांतून मिळाला नसता.

आज आमच्या न्हाणीघरांत विजेचा गीझर आहे. त्याच्या टाकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीचें पोलाद गंजूं देत नाहीं. वर्षा-दोन वर्षांनीं ती पाहून घ्यावी, झिजली असल्यास बदलावी, आणि जड पाण्यानें सांचलेला चुन्याचा थरहि काढवावा, म्हणजे टाकी पुष्कळ वर्षें टिकते. गेल्या हिवाळ्यांत याच कामासाठीं टाकी रिकामी केली होती. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों आंतील कॉइल जळालेली. “आजोबा, गीझर बिघडला,” आमचा दहा वर्षांचा नातू म्हणाला. आणि घरांतील मंडळी काम करून गेलेल्या कारागिरास दूरध्वनीवरून बोल लावावयास निघाली.

आम्हीं मंडळींस थांबविलें. नातवाचें तोंड आम्हांस फार ओळखीचें वाटलें. कांहीं न विचारतां आम्ही त्यास गच्चीवरील खोलींत नेलें, आणि तोटीखालच्या डागावर त्याचें बोट ठेवून ही हकीकत सांगावयास आरंभ केला. ती तांबट आळीपर्यंत पोंचते न पोंचते तोंच तो हळूच म्हणाला, “आजोबा, टाकी भरण्याआधींच बटण मींच दाबलें होतें. त्या काकांना फोन मीच करूं का?”

एक माजी विद्यार्थी