पाण्याला एक मत

ग्रामसभेत पाण्यालाही एक मत दिलं, तर ते कुणाच्या बाजूने पडेल? माझी कादंबरी या एका प्रश्नातून सुरू झाली. तो प्रश्न सोडला, तर विज्ञानकथा कशी लिहितात याची मला काहीही कल्पना नव्हती.

मी पारनेर तालुक्यातल्या एका गावात दूध संकलन केंद्र चालवते. सकाळ-संध्याकाळ नमुने घ्यायचे, फॅट आणि एसएनएफ काढायचं, पावती द्यायची, दूध बल्क कूलरमध्ये चार अंशांवर आणायचं आणि टँकरची वाट बघायची. बी.एस्सी.नंतर प्रयोगशाळेशी माझा संबंध उरला तो एवढाच. लिहायला मिळते ती दुपार. भांडी धुऊन झाली की पुढच्या संकलनापर्यंत केंद्रात कुणी येत नाही. तेव्हा मी मोबाईलवर लिहिते, कारण हिशोबाच्या कॉम्प्युटरवर मराठी टाईप करायला बसलं की कुणी ना कुणी दहा दिवसांचं पेमेंट विचारायला येतंच.

प्रश्न सुचला हिवरे बाजारमुळे. गाव नगर तालुक्यातलं, आमच्यापासून लांब नाही. सरपंच पोपटराव पवारांच्या काळात तिथे पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पडली. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतात, आणि पिण्याला किती, जनावरांना किती, उरलेल्यात कोणती पिकं, हे ग्रामसभेत ठरवतात. ऊस-केळी घेत नाहीत, शेतीसाठी बोअर घेत नाहीत. हे सगळं मला आधीपासून ठाऊक होतं. पण एकदा दुधाच्या पावत्या फाडताना मनात आलं, की तिथे माणसं पाण्याच्या वतीने बोलतात. पाणीच स्वतः बोललं तर? साल धरलं २०७१. प्रत्येक विहिरीत पातळी मोजणारं यंत्र, त्यांचे आकडे एकत्र करणारी एक प्रणाली, आणि ग्रामसभेच्या पटावर सरपंच-सदस्य-ग्रामस्थांबरोबर आणखी एक मतदार : पाणी.

कथा आता आपोआप पुढे जाईल असं वाटलं होतं. ती तिथेच थांबली.

मग वाचायला घेतलं. नगरचं जिल्हा वाचनालय १८३८ सालचं आहे. एवढ्या जुन्या वाचनालयाच्या कपाटांसमोर उभं राहिलं की आपण लिहायचं कशाला, असं वाटून जातं. पण तिथेच आधारही मिळतो. डॉ. अरुण मांडे तर नगरचेच, पेशाने डॉक्टर, आणि त्यांनी विज्ञानकथा लिहिल्या. जयंत नारळीकरांची हकिगत मी पुन्हा पुन्हा वाचली. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. स्वतःची आद्याक्षरं उलटी फिरवून ते नाव केलेलं. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कागदावर उतरवलं पत्नी मंगलाताईंनी. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणूनच तपासली जावी असं वाटलं, हे मला फार धीर देणारं आहे. माझं नाव तर कुणालाच माहीत नाही. म्हणजे मला ती सोय फुकटात मिळालेली आहे.

नारळीकरांचीच ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ मात्र मी शिकायला म्हणून वाचली, पेन्सिल घेऊन. १७६१ च्या लढाईत विश्वासरावांना लागलेली गोळी त्या कथेत लागत नाही. बदल एवढाच, एका गोळीचा. बाकीचा इतिहास त्या एका गोळीमागे रांगेने बदलत जातो, आणि आपण कुठेही ‘हे कसं शक्य आहे’ म्हणून थांबत नाही. मला वाटायचं, कल्पित लिहिणाऱ्याला सगळं मोकळं रान असतं. तसं नाही. कल्पना एकच घ्यायची, आणि तिच्याभोवतीचं सगळं खरं असावं लागतं. वास्तववादी कथेतल्या गावापेक्षाही खरं, कारण वाचकाचा पहिला संशय तिथेच येतो.

त्या दिवसापासून माझा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. मला माझंच गाव माहीत नाही हे कळायला लागलं. विहिरी खोदणाऱ्या एका मिस्त्रींना मी विचारलं, की जमिनीखाली पाणी नेमकं कुठे असतं? ते म्हणाले, “ताई, आपल्याकडं खाली तळं नसतंय. वरचा मुरूम, त्याखाली काळा पाषाण. पाणी मुरमात आणि पाषाणाच्या फटीत. म्हणून या बांधावरची विहीर भरलेली आणि त्या बांधावरची कोरडी.” मी घरी येऊन पाहिलं तर माझी दोन प्रकरणं अडचणीत आली होती. पाणी एक नाहीच, तर त्याला मत एक कसं? प्रत्येक फटीचं वेगळं मत धरायचं? शेवटी मी ते भांडणच कादंबरीत घेतलं : २०७१ च्या ग्रामसभेत पहिले दोन तास पाण्याला किती मतं द्यायची यावरच जातात. ज्यांनी ग्रामसभा पाहिलेली आहे त्यांना हे पटेल.

दुसरी अडचण याहून मोठी होती. मी धरून चालले होते की पाणी न्यायाचं बोलेल. पण जो मतदार नेहमी बरोबरच असतो, त्याची गोष्ट होत नाही. आणि पाणी न्यायी का असावं? त्याला मत दिलं तर ते स्वतःच्या हिताचंच देणार, आणि त्याचं हित जमिनीत राहण्यात. मग ते उसाच्या विरुद्ध जाईल, तसं कांद्याच्याही. पुढचं ओळीने सुचत गेलं आणि एका दुपारी माझा हात थांबला : ते गायींच्याही विरुद्ध जाईल. दुभती संकरित गाय उन्हाळ्यात दिवसाला साठ लिटरच्या पुढे पाणी पिते, चाऱ्याला लागणारं वेगळंच. माझ्या कादंबरीतलं पाणी आपलं पहिलं मत दुधाच्या विरुद्ध टाकत होतं. ज्या धंद्यावर आमचं घर चालतं, त्याच्या विरुद्ध, माझ्याच मोबाईलवर, माझ्याच बोटांनी. तो प्रसंग बदलून टाकायचा मोह झाला. बदलला नाही. कादंबरीत माझा सगळ्यात जास्त विश्वास त्याच प्रकरणावर आहे.

भविष्य दिसतं कसं, हेही कुठेतरी पाहायला हवं होतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनाला, नारायणगावजवळच्या खोडदला गेले. जीएमआरटी दुर्बीण तिथे आहे : ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, काही जवळजवळ आणि बाकीच्या तीन दिशांना मैलोन्‌मैल पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या तबकड्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा नाही, ताणून बसवलेल्या तारेच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, वजन कमी, खर्च कमी. मुलांचे घोळके पोस्टरं वाचत होते. मी मात्र जास्त वेळ रस्त्यावर घालवला. तबकडी आकाशाकडे वळलेली आणि तिच्या आसपास कांदा, ऊस, द्राक्षांचे मांडव, बांधावर कुणाची तरी मोटारसायकल. विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यातून येणारा क्षीण संदेश ऐकणारं यंत्र, आणि त्याच रानात पाण्याची पाळी. एकाने दुसऱ्याला जागा करून दिलेली नाही. दोन्ही शेजारी नांदतात. माझ्या पहिल्या खर्ड्यात २०७१ चं गाव चकचकीत होतं. खोडदहून आल्यावर मी त्यात शेणाचा उकिरडा, दोनदा धार काढणं आणि एसटीची वाट बघणं परत आणलं.

संवादांसाठी मागे जावं लागलं. सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिलेला. खडी फोडायला गेलेल्या बाया, सुकडी, मिलोची लाल ज्वारी, हे त्या भाकरी थापता थापता सांगतात. माझी २०७१ मधली म्हातारी त्यांच्यासारखीच तुटक बोलते, दुष्काळाच्या आठवणीही साल न सांगता काढते. पुढच्या पन्नास वर्षांचं लिहायचं तर मागच्या पन्नास वर्षांचं माणूस घरात असावं लागतं.

लिहून झालं आणि दुसरी शाळा सुरू झाली. प्रकाशक शोधत बसण्यापेक्षा पुस्तक स्वतःच काढायचं ठरवलं. आयएसबीएन दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून मिळतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि लेखकाला स्वतःच्या नावावर अर्ज करता येतो, हे कळलं तेव्हा मी दोनदा खात्री करून घेतली. मोबाईलवरचा युनिकोड मजकूर छापखान्याच्या फॉन्टमध्ये बदलताना रफार उडाले, जोडाक्षरं सुटली. ‘वर्षा’ची ‘वषा’ झाली. ज्या कादंबरीचा विषयच पाऊस, तिच्यात हे शंभर ठिकाणी! मुद्रितशोधन म्हणजे काय ते त्या रात्रींनी शिकवलं. एक एक ओळ मोठ्याने वाचायची, नवऱ्याने मूळ मजकूर धरायचा.

मग फर्म्याचं गणित. डेमी आकारात सोळा पानांचा एक फर्मा. माझी पानं भरली १८०. छापखान्यातले काका म्हणाले, “मॅडम, अकरा फर्मे म्हणजे १७६. चार पानं कमी करा, नाहीतर बाराव्या फर्म्याचा कागद वाया.” कागद सत्तर जीएसएमचा मॅपलिथो, त्याचा भाव मी विचारलेला होता. चार पानं कुठून काढायची म्हणून कादंबरी नव्याने वाचली, आणि विहिरीतलं यंत्र कसं चालतं याची सविस्तर माहिती सापडली. मला तिचा अभिमान होता. ती काढली तर जवळजवळ चार पानं झाली. गोष्टीचं काहीच बिघडलं नाही. उलट त्या जागी पात्रं लवकर बोलायला लागली. लेखनाबद्दल मला मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला कागदाच्या हिशोबातून आलेला आहे.

छापल्यावर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायची असते. पोस्टात पार्सलवर पत्ता लिहिताना फार बरं वाटलं. पारनेरच्या पाण्याचं भांडण कोलकात्याच्या कपाटात जाऊन बसणार. बाकीचे गठ्ठे केंद्रात, पशुखाद्याच्या पोत्यांशेजारी, लाकडी फळीवर, ओल लागू नये म्हणून. वितरक नाही. तालुक्यातल्या वाचनालयांत स्वतः जाते, ओळखीच्या शिक्षकांना देते, आणि दूध घालायला येणाऱ्यांपैकी कुणी मागितलं तर त्यालाही.

अशाच एका आबांनी पुस्तक नेलं. संध्याकाळी किटली ठेवता ठेवता म्हणाले, “वाचलं. पण एक सांग. उन्हाळ्यात टँकर येतो. ते पाणी आपल्या गावचं नाही. मग त्याचं मत कुठं? इथं का जिथून आणलं तिथं?”

मला उत्तर देता आलं नाही. ऊसतोडीला सहा-सहा महिने बाहेर राहणाऱ्या माणसांचं मत कुठे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याला नवीन नाही. पाण्याला तो लावायचं मात्र मला सुचलं नव्हतं. आबांच्या पावतीच्या मागे मी तो लिहून घेतला आणि त्यांना दुसरी पावती फाडून दिली. पुढच्या कादंबरीचं पहिलं प्रकरण टँकरच्या ड्रायव्हरचं आहे. मार्गावरच्या कोणत्या विहिरीवर टँकर भरतात आणि फेऱ्यांची नोंद कोण ठेवतं, ते विचारायला उद्या दुपारी जायचं आहे.