अकरा नंबर कोण?

शनिवारी सकाळी वाकडच्या घरी, बाल्कनीत चहा घेत 'आज काहीही करायचं नाही' असं ठरवत होतो, तेवढ्यात मामेभावाचा फोन. "मोकळा आहेस ना? भोसरीला ये. तो डबा लावून टाकू."

डबा म्हणजे फायरवॉल. आता मी दिवसभर जावा लिहिणारा माणूस. पण नातेवाइकांच्या लेखी कॉम्प्युटरवाला तो कॉम्प्युटरवाला! गेलो.

दादाची एमआयडीसीत छोटी टूलरूम आहे. (तिकडे सुट्टी गुरुवारी, म्हणजे शनिवार ऐन कामाचा, हे मी साफ विसरलो होतो.) तीन कॉम्प्युटरना पब्लिक स्टॅटिक आयपी आणि तिन्ही थेट इंटरनेटवर उघडे. दोन महिन्यांपूर्वी कोणीतरी रिमोट डेस्कटॉपमधून आत शिरलं आणि ड्रॉइंगच्या सगळ्या फाइल्स लॉक केल्या. चार दिवस काम बंद. दादा तेव्हा कोणावर ओरडलाही नाही, नुसता बसून होता. त्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही.

तुम्ही म्हणाल, प्रायव्हेट आयपी देऊन सरळ नॅट का नाही केलं? कारण एका सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या आयपीलाच बांधलेलं. असो.

ब्लॉक होता /२९ चा. खरे आकडे देत नाही, २०३.०.११३.८ पासून धरा. आठ पत्ते, पहिला नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, उरले सहा. .९ प्रोव्हायडरच्या राउटरला, .१० फायरवॉलला, .११ ते .१३ आतल्या कॉम्प्युटरना. रूट लावले, रूल लिहिले, पिंग मारला.... टाइमआउट. रूल मिनिटभर सगळे उघडे केले, तरी टाइमआउट. पॅकेट बाहेर जाताना दिसत होतं, उत्तर मात्र येत नव्हतं.

मग मी सगळे करतात तेच केलं. प्रोव्हायडरच्या सपोर्टला फोन करून तिथल्या पोराला झापलं. "सर, आमच्याकडून लिंक ओके आहे," तो तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा मी जे बोललो ते इथे लिहीत नाही.

चार वाजले. सहापर्यंत डिस्पॅचची कागदपत्रं कस्टमरच्या पोर्टलवर चढवायची होती. दादा शांतपणे म्हणाला, "काढ रे तो डबा. आधी होतं तसं लाव." तसं लावलं तर सगळं पाच मिनिटांत चालू झालं असतं, हे मलाही माहीत होतं. आणि मग तो डबा कायमचा कपाटात गेला असता, हेही. म्हटलं, अर्धा तास दे.

बाहेरच्या पोर्टवर टीसीपीडम्प लावला आणि कपाळावर हात मारला. प्रोव्हायडरचा राउटर दर थोड्या वेळाने विचारत होता, 'बारा नंबर कोण? तेरा नंबर कोण?' त्याच्या हिशेबाने सगळे पत्ते त्याच्याच वायरवर होते. पूर्वी घरांची दारं रस्त्यावर उघडायची, पोस्टमन हाक मारायचा, घरातला ओ द्यायचा. मी मध्ये भिंत घातली, गेटवर वॉचमन बसवला आणि वॉचमनला सांगितलंच नाही की हाक आली की 'इकडे द्या' म्हण. यालाच प्रॉक्सी एआरपी म्हणतात. १९८७ मध्ये आरएफसी १०२७ मध्ये हे लिहून ठेवलंय. वाचायचं माझ्या नशिबात आत्ता होतं. (खरा उपाय म्हणजे प्रोव्हायडरने लिंकला वेगळे पत्ते देऊन हा ब्लॉक फायरवॉलच्या पत्त्यावर रूट करायचा. पण ते सोमवारशिवाय होणार नव्हतं.)

प्रॉक्सी एआरपी चालू केलं. बारा आणि तेरा लगेच जिवंत! अकरा मेलेलाच. आणि पोर्टल नेमकं अकरावर.

ह्याला आणखी दहा मिनिटं गेली. बारा-तेरा शुक्रवार संध्याकाळपासून बंद होते, अकरा सकाळपर्यंत चालू. म्हणजे राउटरला अकराचा जुना मॅक अॅड्रेस अजून पाठ होता, म्हणून तो विचारतच नव्हता. सिस्कोच्या राउटरवर ही आठवण मुळात चार तास टिकते. हा कुठला होता देव जाणे. फायरवॉलवरून आर्पिंगने अकराच्या नावाची दवंडी पिटली, आणि पिंग सुरू. हुश्श!

पाच चाळीसला कागद चढले. मग फक्त लागतील तेवढेच रूल ठेवले, रिमोट डेस्कटॉप बाहेरून बंद. दादाने मिसळ मागवली.

निघताना त्या पोराला फोन केला, सॉरी म्हणायला. चूक माझ्याकडेच होती, कुठे होती तेही सांगितलं. तो क्षणभर गप्प. मग म्हणाला, "सर, मग तिकीट क्लोज करू ना?"