खारघरचा सेन्सेक्स

दादरच्या मित्राला खारघरला बोलवा. आधी तो विचारणार, "अरे, व्हिसा लागतो का?" आणि एकदा आला की म्हणणार, "बॉस, रस्ते काय रुंद आहेत!" डोंगर, सेंट्रल पार्क, गोल्फ कोर्स, पावसाळ्यात पांडवकड्याची पांढरी रेघ. व्ह्यू फुकट. बाकी सगळं हप्त्यावर!

सकाळच्या हार्बर लोकलमध्ये डोकावा. निम्म्या पब्लिकच्या मोबाइलवर शेअर बाजाराचं अ‍ॅप उघडं. आकडे लाल झाले की चेहरे उतरतात. 7 एप्रिल 2025 ला ट्रम्पसाहेबांच्या टॅरिफने सेन्सेक्स 2,227 अंकांनी आपटला, त्या दिवशी एसआयपी बंद करू का, हा प्रश्न किती जणांच्या ओठांवर आला असेल! खरं तर एसआयपीवाल्याने पडझडीत बंद करणं म्हणजे सेल लागल्यावर दुकानातून पळून जाणं. 23 मार्च 2020 ला बाजार एका दिवसात 3,934 अंक कोसळून 26 हजारांच्या खाली गेला आणि जानेवारी 2021 मध्ये 50 हजारांना शिवून आला. अर्थात दरवेळी एवढं स्वस्तात सुटत नाही. जानेवारी 2008 मध्ये बघितलेला 21 हजारांचा आकडा परत दिसायला नोव्हेंबर 2010 ची दिवाळी उजाडावी लागली. तेवढं थांबायची तयारी हवी.

पण खारघरकराचा खरा झटका वेगळ्याच स्टेशनातून येतो. बेलापूरहून मेट्रोत बसा, दुसरंच स्टेशन आरबीआय कॉलनी. महागाई भडकली म्हणून याच रिझर्व्ह बँकेने मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रेपो रेट 4 वरून साडेसहा टक्क्यांवर नेला. आता हिशोब करा. 50 लाखांचं होम लोन, 20 वर्षं, 7 टक्के: हप्ता 38,765 रुपये. व्याज 9 टक्के झालं की तोच हप्ता 44,986. "हप्ता तेवढाच ठेवा, मुदत वाढवा" म्हणालात, तर गणिताने परतफेड 38 वर्षांवर जाते! म्हणजे रिटायरमेंटनंतरही ईएमआय. बाजार पडला की टीव्हीवर बोंब होते. मुदत वाढली की एक एसएमएस येतो, तोही आपण ऑफर समजून डिलीट करतो.

पुढे उत्सव चौक. या मेट्रोचं काम 2011 मध्ये सुरू झालं आणि प्रवासी बसले 17 नोव्हेंबर 2023 ला. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी 2018 चं, पहिली विमानं उडाली 25 डिसेंबर 2025 ला. मेट्रो येणार म्हणून 2011 मध्ये इथे फ्लॅट घेतलेल्याने बारा वर्षं हप्ते भरले, ते रिक्षाने फिरत. शेअरने बारा वर्षं वाट बघायला लावली असती, तर आपण त्याचा उद्धार केला असता. फ्लॅटचा भाव रोज स्क्रीनवर झळकत नाही ना, म्हणून तो 'सेफ'!

संध्याकाळी सेंट्रल पार्कला राउंड मारताना मंदीचा विषय निघतोच. कुणाच्या कंपनीत लोक कमी केले, कुणाचं इन्क्रिमेंट अडकलं. वांधा असा, की पगार, फ्लॅट आणि एसआयपी एकाच वेळी हलतात. नोकरी जाते तेव्हाच शेअर पडलेले असतात आणि घराला गिऱ्हाईक नसतं. सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च साध्या एफडीत पडून असतील, तर पडलेल्या भावात काही विकावं लागत नाही. एफडीचं व्याज महागाई खाऊन टाकते, कबूल. खाऊ द्या, तो तुमच्या झोपेचा मेंटेनन्स चार्ज समजा.

आणि हो, 2025 मध्ये रेपो रेट सव्वा टक्क्याने उतरून डिसेंबरात 5.25 वर आला. तुमचा होम लोनचा दर उतरला का? ऑगस्ट 2023 पासूनच्या नियमाप्रमाणे दर बदलताना हप्ता बदलायचा की मुदत, हे निवडायची मुभा बँकेने तुम्हाला द्यायला हवी. शनिवारी पांडवकड्याच्या दिशेने बाइक काढण्याआधी तेवढं लोन स्टेटमेंट डाउनलोड करा. शेवटच्या हप्त्याची तारीख त्यातच असते.